मातीची उजवी बाजू

आमच्या हिरोशिमाच्या कारखान्यात नवी गाडी आधी मातीची होते. भट्टीत मऊ केलेली तपकिरी माती सांगाड्यावर थापायची आणि पात्यांनी तासत तासत पूर्ण मापाची गाडी काढायची. दोन कल्पना असल्या, की डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. साहेब लोक येऊन एक बाजू पसंत करतात. हरलेल्यानं आपली बाजू आपल्याच हातानं तासून दुसरीसारखी करायची, हा रिवाज. तो मीच पाडला होता, कारण तेव्हा मी हरत नव्हतो.

उघड्या टपाची, दोन माणसांची ती छोटी गाडी माझी शेवटची. मार्चअखेर निवृत्ती होती. तीस वर्षं ट्रक आणि घरगुती गाड्या तासल्या. एक तरी स्पोर्ट्‌स कार माझ्या हातची रस्त्यावर दिसावी, एवढीच हाव उरली होती. उजवी बाजू माझी. डावी ओकुदाची, नऊ वर्षं माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरीची.

"मिझोबेसान, यंदा जरा सांभाळून हं," मोजमापवाला कामिया चहा पिता पिता म्हणाला. "तिची बाजू बघून आलोय मी."

"तू मापं घे. बघायचं काम डोळे असलेल्यांना करू दे."

माझ्या दारावर मी एक कडक घडी काढली होती, इस्त्रीच्या पँटला असते तशी. ओकुदाकडे घडीच नव्हती. पुढच्या दिव्यापासून शेपटापर्यंत एकच भरीव वळण. मला ते आळशी वाटलं, आणि तसं मी तिला सुनावलंही.

निवडीच्या दिवशी मॉडेल उन्हात आणलं. मुख्य साहेब माझ्या बाजूला थांबले, मान डोलावली, "छान काम" म्हणाले. मग डावीकडे गेले. उकिडवे बसले, ते उठेचनात. कामियानं माझ्याकडे बघायचं टाळलं. निकाल कोणी सांगायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी ओकुदा पातं घेऊन माझ्या आधीच हजर.

"मी करते ना. तुम्ही बसा."

"माझ्या मातीला दुसऱ्याचं पातं लागणार नाही. हो बाजूला."

चार दिवस तासत होतो. घडी तासायची मी शेवटपर्यंत टाळली. पण तिचं वळण माझ्या बाजूला उतरवताना कळलं, की ते आळशी नव्हतंच. एवढ्याशा गाडीला माझी घडीच जड झाली होती.

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "तपास."

तिनं सुती हातमोजा चढवला, डोळे मिटले आणि तळवा फिरवत गेली. मागच्या चाकाशी थांबली.

"इथे."

"किती?"

"अर्धा मिलिमीटर. घडी आहे इथे अजून. तुमची."

मला ठाऊक होतं. बोटभर जागेत मी ती राखली होती. आमच्याकडे कारखान्याचे साचे उजव्या बाजूच्या मापांवरून बनतात. डोळ्यांना कळली नसती, पण प्रत्येक गाडीत राहिली असती.

कामिया वही घेऊन उभाच होता. "राहू दे की, ओकुदा. शेवटची गाडी आहे त्यांची."

ती लाल झाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काढा."

माझे कान तापले. पातं उचललं आणि काढली. तिनं पुन्हा हात फिरवला, तो कुठेच थांबला नाही. कामियानं मापं लिहून घेतली.

तिनं "राहू दे" म्हटलं असतं, तर नऊ वर्षं मी तिला काहीच शिकवलं नाही, असं झालं असतं.