पहिल्या रकान्यातली चांदणी

मित्रांनो, मी धरणाच्या कचेरीतल्या मोठ्या संगणकातला एक जुना मॅक्रो आहे. मॅक्रो म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आणि नाव घेताच कामाला लागणाऱ्या चार-दोन ओळी. मला हात नाहीत, पाय नाहीत; भीती मात्र आहे.

निवृत्तीला टेकलेल्या एका बाईंनी मला लिहिलं. पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची आणि दोन बाइटांच्या खोलीत ठेवायची, एवढंच माझं काम. त्या खोलीत ३२,७६७ पर्यंतचा आकडा मावतो. त्याहून एकानं जरी वाढला, तरी उलटून थेट वजा होतो. म्हणून बाईंनी खोलीच्या दारात एक ओळ पहाऱ्याला बसवली होती: आकडा मावत नसेल तर घंटा वाजव. सगळे हसले. "एवढं पाणी आणणार कुठून?"

"न येवो," बाई म्हणाल्या, "पण ओळ काय खायला मागते?"

वीस वर्षं मला कुणी नावं ठेवली नाहीत. मग मिलिमीटर सांगणारं नवं मापयंत्र आलं. दरवाजे आपोआप उघडण्याची खूण ३,३०० वरून ३३,००० झाली. माझी खोली मात्र होती तेवढीच राहिली. चाचणीत घंटा ठणाणा वाजली तेव्हा साहेब वैतागले. "जुनाट आहे, बिघडली असेल. चाचणीपुरती गप्प कर तिला." कचेरीतल्या सर्वांत लहान प्रोग्रामरनं, सगळे तिला धाकटी म्हणत, त्या ओळीच्या पहिल्या रकान्यात चांदणी, म्हणजे * ही खूण, टाकली. चांदणी पडली की आमच्यात ती ओळ मुकी होते. चाचणी संपली आणि चांदणी काढायची राहूनच गेली.

सहा वर्षांनी एका दुपारी पाणी चढू लागलं. धाकटीचे बाबा धरणाचे दरवाजे सांभाळत. त्यांचं घर भिंतीच्या खालच्या अंगाला होतं. ३२,७४०. ३२,७६०. माझी पाचावर धारण बसली, पण ओरडणार कसा? पुढचा आकडा ३२,७८० आला आणि मी खोलीत ठेवला वजा ३२,७५६. पाण्यानं तेहतीस हजार ओलांडले तरी मी वजाच सांगत राहिलो, आणि दरवाजे मिटलेलेच राहिले.

बाबांचा फोन आला. "पोरी, पट्टीवर तेहतीस मीटरच्या वर पाणी दिसतंय. दरवाजे का उघडत नाहीत गं?"

धाकटीनं पडद्यावरचा वजा आकडा पाहिला आणि तिला ती चांदणी आठवली. "बाबा, आईला टेकडीवर पाठवा! दरवाजे हातानं उघडा!"

"साहेबांचा हुकूम लागतो."

"चूक माझी आहे, बाबा. चाक फिरवा!"

बाबांनी चाक फिरवलं. पाणी भिंतीच्या माथ्याखाली वीतभर अंतरावर थांबलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं मला चार बाइटांची खोली दिली आणि चांदणी पुसली. साहेब हळूच म्हणाले, "आता खोली मोठी आहे. घंटा कशाला?"

"राहू दे, साहेब. काय खायला मागते?"

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. चांदणी टाकायला एक बोट पुरतं. म्हणून एक विनवणी आहे: कुणी "मावत नाही" म्हणून ओरडलं, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी एकदा पाणी पाहून या.