पंच्याखालचा सौदा

मी एक जुना पंचा आहे. विट्याच्या मागावर विणलेला, लाल काठाचा. माझ्यासारख्या फडक्याने देशाच्या निवडणुकीवर बोलावे का, अशी मला स्वतःलाच शंका येते. पण मित्रांनो, जे माझ्याखाली घडले ते दुसऱ्या कोणी पाहिले नाही, म्हणून धीर करतो.

माझे मालक आकाराम आटपाडीच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांचे दलाल. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघे हातात हात घेतात, वर मला पांघरतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. मला मात्र सगळे कळते. कोणाचे बोट थरथरते, कोण मुद्दाम उशीर लावतो. "आकारामच्या पंच्याखाली सौदा मोडत नाही," असे लोक म्हणत, तेव्हा माझा काठ मला जास्तच लाल वाटे. आता पुष्कळसे सौदे फोनवर फोटो पाठवून होतात. मी बराच वेळ खांद्यावर नुसता असतो.

यंदा लोकसभेचे मतदान झाले आणि बाजारात एकच विषय सुरू झाला. कराडकडचे ऊसवाले जयराज, फौजेतून निवृत्त झालेले, चहा पिता पिता म्हणाले, "तात्या, सरकार हेच राहणार. टीव्हीवर सगळे सांगत्यात."

"टीव्ही आकडा सांगंल, फौजी. सौदा न्हाई सांगायचा," आकाराम म्हणाले. "मोठ्या पक्षाला एकट्याला बहुमत मिळायचं न्हाई. धाकटे पक्ष लागणार. आन धाकटा जातो कुठं? ज्यो जादा देतो तिकडं. उभा जन्म बोटं दाबण्यात गेलाय माझा. सरकार बदलणार."

"लावता पैज?"

"लावतो की."

जयराज हरले तर आकारामांच्या मेंढरांना हंगामभर उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, फुकट. आकाराम हरले तर त्यांचा माडग्याळी जातीचा मेंढा जयराजांचा. पोपटासारख्या नाकाचा तो मेंढा बनुबाईंनी, आकारामांच्या पत्नीने, बाटलीने दूध पाजून वाढवला होता. कळपाची पुढची पैदास त्याच्यावर होती. बनुबाईंना कोणी विचारले नाही.

निकालाच्या दिवशी मोठ्या पक्षाला खरेच बहुमत मिळाले नाही. आकाराम मला हवेत फिरवत घरी आले. पण चार दिवसांत धाकट्या पक्षांनी पाठिंबा दिला तो जुन्या सोबत्यालाच. सरकार तेच राहिले. मग आकारामांना पैजेची गोष्ट घरी सांगावी लागली.

बनुबाईंनी आधी मेंढ्यापुढे पाला टाकला. मग म्हणाल्या, "आवं, जुन्या गिऱ्हाइकाला तुमी दोन पैसं कमी घिऊन बकरं देता, ते कशापायी?"

"त्यो म्होरल्या बाजारीबी येतो म्हणून."

"मग? धाकट्यांनीबी म्होरला बाजार बघितला आसंल."

आकारामांनी माझ्यात तोंड पुसले. घाम फारसा नव्हता. मला वाटते, जन्मभर दुसऱ्याची बोटे ओळखणारा माणूस स्वतःच्या बोटांना विसरला होता. चुकतही असेन मी.

शनिवारी जयराज टेम्पो घेऊन दारात आले. मेंढ्याच्या गळ्यातला दोर सोडायला आकारामांचा हात उचलेना. तेव्हा बनुबाईंनी मला त्यांच्या खांद्यावरून ओढले आणि स्वतःच्या हातावर पांघरले.

"पावणं, हात द्या."

"काकू, तुमी?" जयराज हसले.

"का वं, बायकांस्नी बोटं न्हाईत व्हय?"

माझ्याखाली बाईचा हात कधी आला नव्हता. धार काढून घट्ट झालेली बोटे. त्यांनी भराभर काही मागितले नाही. दाबले, थांबले, पुन्हा दाबले. जयराजांची बोटे आधी ताठ होती, मग सैल झाली. आत काय ठरले ते मी सांगणार नाही, तो माझा धर्म नाही. पण हात बाहेर काढून जयराजच म्हणाले, "मेंढा हितंच राहू दे, तात्या. त्याचं पयलं नर कोकरू माझं. आन यंदा मेंढरं रातीची माझ्या रानात बसवा. मला लेंड्यांचं खत, तुमाला वाढं."

रिकामा टेम्पो गेला. आकारामांनी हळूच विचारले, "काय दाबलंस गं?"

"तुमी सांगता व्हय कवा कुणाला?"

मित्रांनो, अंदाज जरूर बांधा. मलाही ते ऐकायला आवडतात. पण ज्या जिवावर दुसऱ्याचा हात फिरला आहे, तो पैजेला लावण्याआधी त्या हाताला विचारा. आणि झाकलेला हात उघडून पाहायचा हट्ट धरू नका, मतदाराचाही नाही. माझ्यासारखे फडके विरले, तरी लगेच गाडी पुसायला काढू नका.

सध्या त्या मेंढ्यापासून एक मेंढी गाभण आहे. जयराजांचा दर आठवड्याला फोन येतो, "तात्या, नर होईल का मादी?"

आकाराम मला डोक्याला गुंडाळतात आणि म्हणतात, "ते कारभारणीला इचारा."