काकांच्या बंदुकीला चकमक

"बाबा कॅम्पवर येतील, पण शेगडीजवळ बसतील," लामार म्हणाला. "सूप पितील, खिडकीतून हरणं बघतील."

"तूच बघ खिडकीतून," अंब्रोज काका म्हणाले. "मी काय कुंडीतलं झाड आहे?"

बापलेकाचं हे आठवडाभर चाललेलं. ऐन हरणांच्या सीझनमध्ये काका खुबा बदलून हॉस्पिटलात पडले होते. तेव्हापासून लामार त्यांना बाप कमी आणि पेशंट जास्त समजायला लागला. काकांना एकच हवं होतं, यंदा शिकारी म्हणून कॅम्पवर जायचं.

उरला होता नाताळानंतरचा सीझन. आणि आमच्या पेनसिल्व्हेनियात त्या सीझनला ठासणीचीच बंदूक चालते, तीही चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीवर उडणारी. काकांची ठासणीची होती, पण टोपीवाली. घोडा टोपीवर आपटला की लगेच बार. म्हणजे कायद्याने बाद.

"माझी न्या की," मी म्हटलं.

"वर्न, तू माझी कवळी घालून जेवशील का?"

मग काय, त्यांचीच बदलायची ठरली. माझ्या गॅरेजात, मी बदलणार.

नवा चकमकीचा घोडा, ठिणगी पडते ती रंजकाची, म्हणजे बारीक दारूची वाटी, सगळं सामान आलं. पण आधी टोपी बसते ती बोंडी काढायची होती. ती नळीत आट्यांनी बसवलेली, गंजून घट्ट झालेली. आत तुटली की नळीच गेली. मी तेल सोडलं, शेक दिला, पाना लावला. काका वॉकर घेऊन माझ्याभोवती टकटक टकटक. मध्येच बसायचे, मध्येच उठायचे.

"हळू. अरे हळू! लग्नाआधीपासूनची आहे ती."

"काका, बसा हो. तुमच्या टकटकीने माझा पाना हलतोय."

"मी बसलो की तू काहीतरी करतोस."

बरोबर होतं त्यांचं. माझ्या खिशात एक प्रेट्झेल होतं, कडक खारं बिस्किट. पाना जोरात ओढल्यासारखं केलं आणि खिशातल्या खिशात ते मोडलं. कडाक्!

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. प्रेट्झेलचा तुकडा दाखवला तर त्यांनी तो हिसकावून घेतला, खाल्ला आणि मग मला वॉकर मारला. पुढच्या झटक्याला बोंडी खरंच सुटली.

तिच्या जागी वाटीतली आग नळीत नेणारा बारीक भोकाचा कान बसवला. दस्त्याचं लाकूड थोडं थोडं कोरून नवा घोडा बसवला, रंजकाची वाटी कानाला बरोब्बर टेकेपर्यंत. बंदूक झाली. घोळ काकांचा झाला.

जन्मभर टोपीवर चालवलेला माणूस. चकमक आधी डोळ्यांपुढे फस्सकन पेटते, बार मागून येतो. तेवढ्यात नेम धरून राहावं लागतं. परसात सराव करताना काका फस्स झालं की तोंड फिरवायचे. गोळी कुंपणात.

"डोळे मिटता तुम्ही."

"मिटत नाही!"

मग मी त्यांच्या नकळत नळी रिकामी ठेवली आणि नुसती वाटी भरली. फस्स झालं, बार नाहीच. काका डोळे मिटून, मान फिरवून, नळी जमिनीकडे! लामार हसून हसून बर्फात बसला.

"बार नव्हता, मग घाबरलात कशाला?" मी विचारलं.

पुढचे सगळे दिवस मी तेच केलं. कधी भरलेली, कधी रिकामी, सांगायचं नाही. शिव्या खाल्ल्या, पण काका हलायचे बंद झाले.

सीझनच्या पहिल्या सकाळी आम्ही तिघं झाडाखाली बसलो. काकांचे हात गारठलेले, म्हणून बंदूक मीच ठासली. लामार दर मिनिटाला विचारतोय, "बाबा, पाय दुखतोय? ब्लँकेट देऊ?" काका नुसते गुरगुरताहेत. मी तिसऱ्यांदा मोजे वर ओढले. आणि हरिणी समोर आली. चांगली आडवी उभी राहिली.

काकांनी बंदूक उचलली. फस्स, धडाम! धुरातून दिसलं ते एवढंच, की हरिणीच्या बरंच डावीकडे बर्फ उडाला. ती गेली. आम्ही जाऊन बघितलं, तर रक्ताचा थेंब नाही.

"अहो, हललात पण नाही! मग झालं काय?" मी ओरडलो.

"मला वाटलं, ह्या गाढवाने रिकामीच ठेवलीय," काका म्हणाले. "नेम धरलाच नाही नीट."

लामारने चाकू काढला. आमच्याकडे नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून कॅम्पच्या भिंतीवर ठोकतात, सुटका कोणाचीच नाही. लामारने माझी कॉलर धरली. "चूक तुझी. शर्ट तुझा."

"सोड त्याला," काका म्हणाले. "चाप कोणी ओढला?"

"बाबा, जाऊ दे. थंडी आहे, तुमची तब्येत..."

"चाप कोणी ओढला?"

"तुम्ही."

काकांनी बंदूक माझ्याकडे दिली, एका हाताने वॉकर धरला, दुसऱ्याने शर्ट पँटीतून ओढून काढला आणि लामारकडे पाठ केली.

"नवीन आहे हो, परवाच नाताळात दिलाय मी!" लामार म्हणाला.

"मग कापड चांगलं असेल. काप."

लामारने शर्टाचं टोक चिमटीत धरलं. वारा काकांच्या उघड्या कमरेवर लागत होता, पण ते जागचे हलले नाहीत.

"सरळ काप," ते म्हणाले, "आणि मोठं घे."