छाटणीच्या टेबलाखाली

आमच्या लाँड्रीत दवाखान्यांचे कपडे येतात. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे. रक्त, पू, ओकारी, सगळं त्यात असतं. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्यात घातला की जन्माचा बसतो. रक्ताबद्दल मला एवढंच ठाऊक होतं.

मी इस्त्रीच्या रोलरवर आणि वहिनी छाटणीच्या टेबलावर, मळके कपडे डागांप्रमाणे वेगळे काढायला. खरं तर ती वहिनी बॉयलरवाल्याची. तो तिचा धाकटा दीर. आई नसलेलं सहा वर्षांचं पोर तिने लग्न होऊन आल्या दिवसापासून वाढवलं. त्याच्या हाकेवरून आम्ही सगळेच तिला वहिनी म्हणायला लागलो, मॅनेजरसुद्धा.

तिचा नवरा लाँड्रीच्याच गाडीवर ड्रायव्हर होता. हे सगळं घडायच्या दीड वर्ष आधी चौकात त्याची गाडी एका टोईंगच्या गाडीला घासली. घासली म्हणजे रंगाचा पोपडा उडाला, बस. टोईंगवाला खाली उतरला तो लोखंडी पान्हा घेऊनच. भर सकाळी, पन्नास माणसांसमोर त्याने डोक्यात तीन घाव घातले. तिसरा तर माणूस जमिनीवर पडल्यावर घातला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर गेला. त्याच्या अंगाखालच्या चादरी आमच्याकडेच धुवायला आल्या. त्या वहिनीनेच छाटल्या, आम्हाला हात लावू दिला नाही.

सहा महिन्यांत टोईंगवाला जामिनावर बाहेर.

वहिनी चर्चला जाणारी, आणि नुसती रविवारपुरती नव्हे. रोज सकाळी धुलाईचे ड्रम सुरू व्हायच्या आधी ती टेबलाला हात टेकून डोळे मिटायची आणि पुटपुटत एकेकासाठी मागायची. मॅनेजरची आजारी बायको, पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला माझा नवरा, आणि सगळ्यात शेवटी ‘तो माणूस’. एकदा ते दिराच्या कानावर पडलं.

“कुठला माणूस, वहिनी?”

“तोच.”

त्याने हातातलं कोळशाचं फावडं फरशीवर आपटलं. “दादाला मारणाऱ्यासाठी मागतेस? काय मागतेस त्याला, शंभर वर्षं?”

“मला मागावंसं वाटत नाही रे,” ती म्हणाली. “म्हणून तर रोज मागावं लागतं.”

दुःखाने बाईचं डोकं फिरलंय असं मला वाटलं. माझा देवाशी फारसा संबंध नाही. आणि तो माणूस मेला तर मी त्या दिवशी गोड खाल्लं असतं, हेही सांगून टाकते.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला दीर आणि गाडीत माल भरणारे दोघे कोपऱ्यावर चहाला गेले होते. मागच्या शटरमधून एक माणूस धावत आत आला, ओल्या फरशीवर घसरला आणि मळक्या चादरींच्या ढिगावर तोंडावर आपटला. कान फाटून लोंबत होता. सदऱ्याची पुढची बाजू लाल झाली होती.

“वाचवा,” तो म्हणाला. “मारतायत मला.”

त्याने तोंड वर केलं आणि आम्ही दोघींनी त्याला ओळखलं. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला मी वहिनीबरोबर जात होते. त्याने मात्र आम्हाला ओळखलं नाही. कोर्टात त्याने आमच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

वहिनीचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. तिने दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली. आता ही याचं डोकं फरशीवर आपटणार, असं मला वाटलं. कितीतरी वेळ तिने त्याला तसंच धरून ठेवलं. मग टेबलाखाली ढकललं, वर चादरी लोटल्या आणि माझ्यावर ओरडली, “शटर ओढ!”

शटरचा आकडा माझ्या हातात होता. खोटं कशाला बोलू, मी ओढला नाही. येऊ देत त्यांना, असं माझ्या मनात आलं. फार नाही, दोन क्षण. तेवढ्यात दीर आत घुसला, त्याच्यामागून ते दोघे. मग मी शटर ओढलं, आणि त्यांच्यासकट आम्हालाही कोंडून घेतलं.

दिराने बॉयलरजवळची निखारे उकरायची सळई उचलली. “कुठाय तो?”

विचारायची गरजच नव्हती. रक्ताचा माग थेट टेबलाखाली गेला होता.

“बाजूला हो, वहिनी.”

“नाही.”

“टपरीशेजारच्या पंक्चरच्या दुकानात हसत उभा होता तो! हसत! आणि दादा मातीत!”

“हसू दे.”

दोघांनी त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढला. तो फरशीला नखं रोवत किंचाळत होता. सळईचा पहिला फटका तोंडावर बसला. डोळा फुटला तो मला दिसला, आणि नंतर कित्येक दिवस दिसत राहिला. दुसरा फटका बरगड्यांवर. तिसरा पडायच्या आत वहिनीने स्वतःला टोईंगवाल्याच्या अंगावर झोकून दिलं. एकाने तिचे केस धरून तिला ओढलं, तर ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. खालचा सुटायला धडपडत होता आणि ती त्याच्या कानात ओरडत होती, “हलू नकोस, मेल्या! हलू नकोस म्हणते ना!”

ती आडवी आली तेव्हा दिराचा हात उगारलेला होता. तो थांबला नाही. थांबवता आला नाही की थांबवला नाही, ते त्यालाच ठाऊक. सळई तिच्या उजव्या कोपरावर बसली. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. ती ओरडली, पण उठली नाही.

दिराने पुन्हा हात उचलला. मग तिचा हात कोपराच्या खाली भलत्याच बाजूला वळलेला त्याला दिसला. सळई खणखणत पडली. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा “वहिनी, वहिनी” करत ऊर बडवायला लागला. बाकीचे दोघे शटर उचलून पळाले.

“त्याच्या डोळ्यावर काहीतरी दाब,” वहिनी मला म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते.

मी धुतलेली चादर घेतली आणि तशीच उभी राहिले. मला त्याला शिवायचं नव्हतं.

“धर गं बाई. रक्त जातंय त्याचं.”

मी धरली. चादर बघता बघता भिजली, मी दुसरी घेतली.

पोलिसांना वहिनीने जसं घडलं तसं सांगितलं. दिराचं नाव गाळ म्हणून सगळे नातेवाईक तिच्या मागे लागले. ती म्हणाली, “खोटं बोलून त्याला घरी आणला, तर रोज त्याच्या तोंडाकडे कशी बघू?” दिराला चार वर्षांची शिक्षा झाली. टोईंगवाल्याला पुढे त्याच्या खटल्यात जन्मठेप झाली. त्या दिवशी वहिनी ना हसली ना रडली.

पण त्याआधी दिराच्या खटल्यात तो एका डोळ्याचा माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, “या बाईनेच मला दाबून धरलं, म्हणून त्यांना मारता आलं.” बाहेर व्हरांड्यात येऊन वहिनीने डावी मूठ भिंतीवर आपटली. “आत्ता हाताला लागला ना, तर गळा दाबीन याचा!” तिच्या बोटांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. ती टेबलापाशी उभी होती. शेवटच्या माणसापाशी येऊन अडली, आणि मग त्याच्यासाठीही मागितलं.

तुरुंगात भेटीचा दिवस गुरुवार. तिला उजव्या हाताने पिशवी उचलवत नाही म्हणून मी बरोबर जायचे. दहा गुरुवार दीर कोठडीतून बाहेर आलाच नाही. “भेटायचं नाही म्हणतो,” एवढाच निरोप. त्यातल्याच एका गुरुवारी बसमध्ये मी तिला सांगून टाकलं, “वहिनी, शटर मी मुद्दाम उशिरा ओढलं.”

“ठाऊक आहे,” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. “मी बघत होते तुझ्याकडे.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“राग होता. अजून आहे थोडा.” मग जरा सरकून तिने मला नीट बसायला जागा करून दिली.

अकराव्या गुरुवारी तो आला. जाळीपलीकडे बसला, खाली मान घालून. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले.

“हात?” त्याने विचारलं.

“सरळ होत नाही. डाव्याने छाटते.”

त्याने जाळीतून तिच्या कोपराकडे पाहिलं. मग म्हणाला, “तो मरायला हवा होता, असं मला अजून वाटतं. तुला खोटं सांगणार नाही.”

“नको सांगूस.”

“तरी येशील?”

“दहा वेळा आले ना?”

त्याने जाळीत बोटं अडकवली. तिने त्यावर डावा हात ठेवला. पहारेकऱ्याने हटकलं तरी तिने काढला नाही.

“इथे गारठा फार आहे, वहिनी,” तो म्हणाला. “माझं जाड पांघरूण आणशील?”

“आणते,” ती म्हणाली. “आधी ती दाढी कर. भूत दिसतोस.”