गप्प आहेत म्हणजे नाहीत

तो ड्रायव्हर तुम्ही काढलात. हात घसरून नाही, चुकून नाही. काढल्याच्या नोंदीखाली कारणही लिहिलंत: कोणी वापरत नाही. हे खोटं आहे. माझी ताई वापरते.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. कॉम्प्युटरच्या ज्या सिस्टीमवर निम्म्या जगाची मशीनं चालतात, तिच्या गाभ्यात काय राहणार आणि काय जाणार, ते तुम्ही ठरवता. मी प्रिंटर दुरुस्त करतो. माझं नाव विचारू नका, तुम्हाला लागणार नाही.

ताईला जन्मापासून दिसत नाही. कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात ती मुद्रितं तपासते. तिच्या कीबोर्डसमोर हातभर लांबीची ब्रेल पट्टी असते. स्क्रीनवर जी ओळ असेल ती पट्टीवर टिंबांनी वर उठते, ताई बोटं फिरवून वाचते. बोलणारं सॉफ्टवेअर तिला चालत नाही. "ती बाई सगळं गोड वाचते," ताई म्हणते, "आणि स्वल्पविराम गिळते. कायद्यात माणूस स्वल्पविरामाला लटकलेला असतो रे."

पट्टी बनवणारी कंपनी कधीच बुडाली. पट्टी आणि मशीन यांच्यातला दुभाष्या, म्हणजे हा ड्रायव्हर, एका म्हाताऱ्या इंजिनियरने फुकट लिहून तुम्हाला दिला होता. त्यात एक खोड होती. मशीन झोपून उठलं की पट्टीच्या टोकाला जुन्या ओळीचं शेपूट अडकून राहायचं. एकदा 'आरोपीला मुक्त करण्यात आले'च्या पुढे मागच्या ओळीतलं 'नाही' उरलं. ताईने मला फोन केला. "तुझ्या डब्याने निकाल फिरवला. ये आणि माणसाला सोडव."

मी कोड शिकलो तो तेवढ्यासाठी. कुठे वर्गात बसलो नाही. शोधून काढलं: झोपेतून उठल्यावर पट्टी पहिला हुकूम गिळते, आणि पहिला हुकूम असतो पुसण्याचा. म्हणून मी उठल्यावर जरा थांबून पुन्हा पुसायला लावलं. ही दुरुस्ती, म्हणजे पॅच, तुम्हाला पाठवली; तुम्ही ती परत केलीत. म्हणालात, तुझ्या थांबण्याने सगळं मशीनच थांबतं. तुमचं बरोबर होतं. मी सुधारलं, तुम्ही घेतलंत. शेपूट गेलं. त्यानंतर त्या ड्रायव्हरबद्दल कोणाचीच तक्रार आली नाही.

आणि त्याचीच तुम्ही शिक्षा दिलीत.

तुमची एक रीत आहे. जुना ड्रायव्हर काढायचा असला की मेलिंग लिस्टवर विचारायचं, कोणी वापरतंय का? कोणी बोललं नाही तर काढून टाकायचं. रीत वाईट नाही. अडगळ किती दिवस वागवायची? पण लिस्टवर विचारलंत ते तुम्हीच एकमेकांना. बाहेर पाठवलंत ते एकाच पत्त्यावर, त्या म्हाताऱ्याच्या. तो वारला होता, मेल परत आली. ताईला तुमची लिस्ट म्हणजे काय ते माहीत नाही. मी ती वाचत नव्हतो. न गळणाऱ्या नळाखाली बादली घेऊन कोण उभं राहतं? तुम्ही मात्र लिहिलंत: बऱ्याच काळात एकही तक्रार नाही, म्हणजे वापरणारे उरलेले नाहीत.

तक्रार नव्हती, कारण तो चालत होता.

छापखान्यातल्या मशीनांवर तुमच्या सिस्टीमची नवी आवृत्ती चढली. मी पोचलो तेव्हा ताई दोन्ही हात पट्टीवर ठेवून बसली होती. नेहमीसारखीच, फक्त बोटं हलत नव्हती.

"सपाट आहे," ती म्हणाली. "टेबलासारखी."

मी जुना कोड घेऊन ड्रायव्हर पुन्हा बांधला. माझ्या लॅपटॉपवर पट्टी जिवंत झाली. ताईने एक ओळ वाचली आणि हात काढून घेतला. छापखान्याची मुद्रितं बाहेरच्या मशीनवर न्यायला मनाई आहे. मी तिथल्या सिस्टीमवाल्याला गाठलं. माणूस भला आहे.

"मला काय, मी आत्ता लावतो," तो म्हणाला. "पण सिस्टीम बनवणाऱ्यांची सही नसलेलं काही हे मशीन घेतच नाही, दादा. वरून यायला हवं."

"वरून म्हणजे?" ताईने विचारलं. "देवाकडून?"

"त्याच्याही वरून, ताई."

ताई हसली. मग तिच्या विभागाच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, तोवर फोनवर बसा, तुमचा आवाज किती छान आहे.

"आवाज छान आहे हे आजच कळलं," ताई म्हणाली. "पट्टी मेल्यावर." मॅडम हसल्या नाहीत. तपासणीच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसणार आहे, हे त्यांना सांगायचं होतं, ते त्यांनी सांगितलं.

घरी जेवताना ताईची डावी तर्जनी ताटाशेजारी टेबलावरून सरकत असते. डावीकडून उजवीकडे, मग परत.

"ताई, काय वाचतेस?"

"कुठे काय?" ती म्हणते आणि हात मांडीवर घेते. थोड्या वेळाने हात पुन्हा वर येतो. तिला कळत नाही. मीही आता विचारत नाही. मला राग येतो का म्हणाल, तर तोही धड येत नाही. भांडी घासतो, झोपतो.

तो ड्रायव्हर जुन्या पद्धतीने लिहिलेला होता आणि तुमच्या नव्या कामात आडवा येत होता, हे मला मान्य आहे. म्हणून मी तो नव्या पद्धतीने सबंध लिहिला. तुमच्या एका माणसाने वाचला. विचारलं, सांभाळणार कोण? मी लिहिलं, मी. विचारलं, वापरणारे किती? मी लिहिलं, मला ठाऊक असलेली एक.

तेव्हापासून तुम्ही गप्प आहात.

"उत्तर आलं?" ताई विचारते.

"नाही."

"बरं." एवढंच. तिने शिवी तरी द्यावी.

सोमवारपासून ती फोनवर बसते आहे. तिची खुर्ची अजून रिकामी आहे, पण रिकामी किती दिवस ठेवणार? गप्प बसलेला माणूस तुमच्या हिशेबात नसतोच. मग तुमच्या गप्प बसण्याचं मी काय करू? तुम्ही नाहीच, असं धरू का? तुमच्याइतका निर्लज्ज मी नाही. मी तुम्हाला हिशेबात धरतो आहे, आणि विचारतो आहे. नको असेल तर नको म्हणा, तेही मी ताईला वाचून दाखवेन. ड्रायव्हर परत घेताय की नाही? बोला.