साखळीतली मऊ केबल

आमच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात दोन पाळणे हलत होते आणि कारखान्यात माझ्या मेहुण्याची नोकरी जायची वेळ आली होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लोखंड तासणाऱ्या मोठ्या मिलिंग मशीनवर तो ऑपरेटर, मी तिथलाच वायरमन. त्या मशीनचं डोकं सहा मीटर इकडून तिकडे धावतं. त्याच्याबरोबर प्लॅस्टिकच्या कड्यांची साखळी वळत जाते आणि साखळीच्या पोटातून केबली. डोकं नेमकं कुठे आहे याची खबर त्यातली एक केबल नेते. खबर तुटली की मशीन जागच्या जागी थांबतं.

अकरा वर्षांनी ती केबल गेली. नवी निवडायला खरेदीसाहेबाने दोन तुकडे मागवले. एक ताठर, जुन्या केबलसारखाच. दुसरा मऊ. साहेबाने तो बोटाभोवती गुंडाळून दाखवला. "बघ, सुतळीसारखी वळते. हलत्या भागाला अशीच पाहिजे." मीही गुंडाळून पाहिली आणि मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा राग मला अजून येतो.

दोन महिन्यांत मशीन धावता धावता मध्येच थांबायला लागलं. पुन्हा चालू केलं की तासभर नीट. मी डोकं मुक्कामाच्या जागी उभं केलं, वीज बंद केली, केबलच्या दोन्ही टोकांना मीटर लावला. प्रत्येक तार सलग. वहीत लिहिलं, केबल ठीक.

केबल ठीक, मग उरला माणूस. सुपरवायझर म्हणाला, "तुझा मेहुणा पाय मोकळे करायला बटण दाबतो, दुसरं काय?" मेहुण्याला पत्र मिळालं. मशीन मुद्दाम थांबवल्याचं आठवड्यात लेखी कबूल करायचं, नाहीतर घरी बसायचं. त्याने सही केली नाही.

बायकोने मला जेवू दिलं नाही. "अहो, सतरा वर्षं त्याने ते मशीन लेकरासारखं सांभाळलंय."

"मीटर खोटं बोलत नाही."

"मशीन अडतं धावताना आणि तुम्ही तपासता झोपवून. लंगडा माणूस झोपेत लंगडतो का?"

ताटावरून उठलो तो रागानेच, पण बोलणं डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी साखळीचं टोक मशीनच्या डोक्यापासून सोडवलं, केबलला मीटर जोडला आणि दोघा फिटरांना साखळी हाताने पुढेमागे ढकलायला लावली. तार सलग असली की मीटर वाजत राहतो. चार मीटर अंतरावर केबल वळली आणि आवाज बंद. सरळ झाली, पुन्हा आवाज.

तिथेच चिरली. वरची कातडी धड, आत तारांना पीळ पडलेला आणि एका जोडीतलं तांबं तुटून भुगा झालेलं. मग ताठर तुकडा चिरला. त्यात केसासारख्या बारीक तारा मधल्या दोरीभोवती घट्ट बसवलेल्या, फटी भरलेल्या, काही सरकायला जागाच नाही. मऊ केबल मऊ होती, कारण ती आतून सैल होती.

दोन्ही तुकडे खरेदीसाहेबाच्या टेबलावर आपटले. तो म्हणाला, "कागदावर दोघींनाही लवचीक लिहिलंय."

"बोटाभोवती एकदा वळणं वेगळं आणि दिवसाला तीन हजार वेळा वळणं वेगळं. किती वळणं सोसेल हे विकणाऱ्याला विचारलं होतं?"

"तू विचारलंस?"

मीही विचारलं नव्हतं.

ताठर केबल चार दिवसांत आली. मॅनेजर म्हणाला, "घाल आणि विषय संपव."

"आधी त्याचं पत्र फाडा."

"फाइलमध्ये लागलेलं पत्र निघत नाही. राहू दे, कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही ना? मग तसंच एक पत्र तुमच्या फाइलमध्ये लावा. मॅनेजरने केबल मुद्दाम तोडली म्हणून."

केबलचं भेंडोळं स्टुलावर ठेवलं आणि त्यावरच बसलो. दीड दिवस मशीन बंद. सुपरवायझर येऊन म्हणाला, "मेहुण्यासाठी केवढं हे?" मी म्हणालो, "मेहुण्यासाठी नाही. तुम्ही केबल सोडून माणूस चिरलात म्हणून." दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासमोर जुनं पत्र फाडलं आणि नवं टाइप झालं. मशीन केबलच्या दोषाने थांबत होतं, ऑपरेटरचा दोष नाही. मग मी केबल घातली.

पत्र घेऊन मेहुण्याकडे गेलो. त्याने उभ्यानेच वाचलं.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हणालो.

"दाजी, साहेबांचं सोडा, ते मला ओळखत नाहीत. मीटर तुमच्या हातात होता. तुम्हाला शंका माझी आली, मीटरची नाही."

सोमवारी तो मशीनवर परतला. कामापुरतं बोलायचा, आमच्या घरी मात्र पुन्हा कधी आला नाही. मशीन पुन्हा अडलं नाही.

तीन वर्षांनी, थंडीत, एका बुधवारी सकाळी माझा मेहुणा वारला. तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता.