तीन नंबरची बंदूक

"लागलं का?" रंगुबाईनं चुलीपाशी बसूनच नवऱ्याला विचारलं.

मच्छिंद्रनं मांडीवरून बंदुकीची नळी बाजूला केली. खाकी विजारीवर चुन्याचा रुपयाएवढा पांढरा ठिपका उमटला होता. त्यानं विजार वर सारून कातडी पाहिली. काही नव्हतं.

"न्हाई. मुंगी चालल्यागत झालं."

"मंग?"

"मंग बरुबर हाय."

"बरुबर कसं? आवंदा तर पोराच्या पिचकारीचंबी जास्त लागंल." रंगुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कुनाच्या ध्यानात आलं तर काय सांगशीला?"

मच्छिंद्रनं भिंतीला टेकवलेली पुढची बंदूक उचलली. आठ बंदुका होत्या. आठही हवेच्या, नळी मोडून ताणायच्या. आदल्या दिवशी खंडेनवमीला सुभेदारांच्या ओसरीवर त्यांची पूजा झाली होती आणि दरवर्षीप्रमाणे बायकांनी मूठ मोकळी सोडून हळदकुंकू वाहिलं होतं. देवीला कुंकू चालतं, नळीला चालत नाही. सकाळपासून तो गजाला चिंधी बांधून नळ्या पुसत होता आणि चिंधी लालच निघत होती.

पारनेरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या या गावात घरटी एक माणूस पलटणीत होता. शेचाळीस-सत्तेचाळीस साली लढाईवरून परतलेल्या माणसांना पहिल्या दसऱ्याला नुसतं सीमोल्लंघन करून, पानं वाटून घरी यावंसं वाटेना. सुभेदार उत्तमरावांनी नगरच्या छावणीतल्या लिलावात हवेच्या दोन बंदुका घेतल्या होत्या. त्यांत आणखी सहा जमल्या. तेव्हापासून दसऱ्याच्या दुपारी गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या अलीकडे, वरची आळी आणि खालची आळी यांची लुटुपुटूची लढाई होऊ लागली. एकेका बाजूला चारजण. छर्रे नाहीत, तर रद्दी कागदाचा लगदा आणि डिंक यांच्या वळलेल्या गोळ्या, चुन्याच्या भुकटीत घोळलेल्या. तोंडावर नेम धरायचा नाही. गोळी लागली की ज्याची त्यानं "गेलो" म्हणायचं, नळी खाली करून चिंचेखाली जाऊन बसायचं. पंच नव्हता. कुणीतरी पहिल्याच वर्षी पंच नेमा म्हणालं तेव्हा उत्तमराव म्हणाले होते, "खऱ्या मानसाला पंच लागत न्हाई आन खोटा पंचाला ऐकत न्हाई."

लागलेली गोळी लपवली, तर त्या माणसानं पुन्हा बंदुकीला हात लावायचा नाही, असा कायदा होता. पंचवीस वर्षांत तो एकदाच वापरावा लागला. तो माणूस पुढं गावात कुणाच्या पंगतीलाही फारसा दिसला नाही.

मच्छिंद्र कधी लढला नाही. पलटणीत तो आर्मरर होता, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. गावातही त्याच्याकडे तेच काम आलं. दट्ट्याला चामड्याचं वॉशर कापून बसवायचं, तिळाच्या तेलात भिजवायचं, नळीच्या टोकाची नेमाची माशी सरळ आहे का ते बघायचं. त्याच्या हातची बंदूक कधी अडली नाही, असं लोक म्हणत. तोही मनातल्या मनात म्हणत असे.

सात वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला लढणाऱ्यांतल्या आप्पासाहेबांच्या पिंढरीला गोळी लागली. टपोरा फोड आला, फुटला आणि दोन महिने भरला नाही. शुगर होती. शेवटी पायाची दोन बोटं गेली. आप्पासाहेबांनी कुणाला बोल लावला नाही. पण मच्छिंद्रला ती बोटं आठवत राहिली. माणसं म्हातारी होत होती आणि बंदुका होत्या तशाच राहिल्या होत्या.

आर्मररला पहिल्या दिवशी शिकवतात की स्प्रिंगची बंदूक ताणून ठेवू नये. ताणलेली राहिली की स्प्रिंग दमते, पुन्हा पहिल्यासारखी उसळत नाही. मच्छिंद्रनं पुढच्या पावसाळ्यात आठही बंदुका ताणून माळ्यावर ठेवल्या. आखाडात ठेवल्या, नवरात्रात काढल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बाहेरून काही दिसत नव्हतं, तेलपाणी जिथल्या तिथं होतं. फक्त दरवर्षी गोळी थोडी हळू लागायची. हे रंगुबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

एकाहत्तरच्या त्या दसऱ्याला पलटणीतल्या पोरांची रजा बंद होती. सरहद्दीवर काहीतरी शिजतंय, असं रेडिओ सांगत होता. त्यामुळे लढायला आठही जुनेच उरले. सगळ्यात लहान हवालदार कानिफनाथ, तो पन्नाशीचा. सगळ्यात मोठे उत्तमराव, त्रेसष्टचे.

दुपारी शिवेवर बायाबापड्या जमल्या. बाजरी काढून रान मोकळं झालं होतं. ओढ्याच्या कडेला बाभळी आणि तरवडाची झुडपं होती, मध्ये दगड रचलेल्या बांधाच्या ताली. शिट्टी झाली आणि म्हातारे कमरेत वाकून पांगले. मच्छिंद्र तालीवर तेलाचा डबा घेऊन बसला.

पहिले पाचजण लवकर गेले. "गेलो" म्हणायचे, गुडघ्यावर हात ठेवून उठायचे, चिंचेखाली बसून तंबाखू मळायचे. वरच्या आळीचे एकटे उत्तमराव उरले. खालच्या आळीचे कानिफनाथ आणि सहादू.

उत्तमराव तरवडाच्या झुडपाआड ओणवे झाले होते. त्यांच्या पाठीमागून कानिफनाथ ओढ्याच्या काठावर चढला. पंधरा पावलांवरून त्यानं नेम धरला. फट् असा आवाज झाला. उत्तमरावांच्या पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली, चुना उडालेला मच्छिंद्रनं पाहिला.

तो "गेलो"ची वाट पाहत राहिला.

उत्तमराव उठले. पुढं सरकले. सहादूच्या पोटावर गोळी मारली. मग दुसरी गोळी भरून वळले, तेव्हा त्यांना कानिफनाथ बंदूक खाली करून उभाच दिसला. त्यांनी त्यालाही मारली.

"गेलो," कानिफनाथ म्हणाला. नियम तो नियम. मग तिथूनच तो मोठ्यानं म्हणाला, "सुभेदार, तुमी कवाच गेलाय."

उत्तमराव हसत पुढं आले. "काय म्हन्तो?"

"पाठ बघा म्हन्तो."

उत्तमरावांनी सदरा ओढून मागं पाहायचा प्रयत्न केला. त्यांना दिसेना. सहादूनं जवळ जाऊन पाहिलं आणि मान खाली घातली. चिंचेखालची माणसं उठून आली. बायकांची कुजबुज थांबली.

"मला लागलं न्हाई," उत्तमराव म्हणाले.

"चुना काय वरनं पडला व्हय?" कानिफनाथचा आवाज चढला नव्हता. त्यानंच ते जास्त बोचलं. "मी मागनं मारली. नंतर तुमी दोघं मारले. पंच नको म्हननारे तुमीच की."

"कानिफ, मला लागलं न्हाई."

"कायदाबी तुमचाच हाय, सुभेदार."

सहादू बोटानं डोळ्यातली धूळ काढत राहिला. उत्तमराव उभे होते. गावात बांधाचा तंटा झाला की दोन्हीकडचे लोक त्यांच्या ओसरीला येत, कारण तिथं शब्द मोडत नसे. आता त्यांच्या पाठीवर चुना होता आणि ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, जणू कुणीतरी पुढचं वाक्य बोलेल म्हणून.

मच्छिंद्रला सगळं समजत होतं. सुभेदारांना लागलंच नव्हतं. सदऱ्यावरून ती गोळी कुणालाच जाणवली नसती. हे सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य बोललं की सात वर्षांच्या सगळ्या लढाया त्याबरोबर जाणार होत्या. ही माणसं वर्षभर ज्या दुपारसाठी मिशांना पीळ देत, त्या दुपारी त्यांच्या हातात खेळणी होती, हे त्यांना त्यांच्याच बायकांसमोर ऐकावं लागणार होतं.

तो तालीवरून उतरला. कानिफनाथच्या हातातली बंदूक घेतली, दस्त्यावरचा आकडा पाहिला.

"तीन नंबर," तो म्हणाला. "सुभेदार खरं बोलत्यात. ही बंदूक मारत न्हाई."

"मारत न्हाई म्हंजी?"

"माझ्याकडनं ताणलेली ऱ्हायली. पावसाळाभर. स्प्रिंग बसलीया."

कानिफनाथ त्याच्याकडे बघत राहिला. लढणाऱ्या सगळ्यांनीच पलटणीत रायफल साफ केली होती. तो काय बोलतोय ते त्यांना कळत होतं.

"आर्मररनं बंदूक ताणून ठिवली?" सहादू म्हणाला. "आन तशीच हातात दिली?"

"ऱ्हायली. ध्यान न्हाई ऱ्हायलं."

सहादूनं बंदूक घेतली, गोळी भरली आणि स्वतःच्या तळहातावर मारली. हात झटकण्याचीही त्याला गरज पडली नाही. "खरं हाय," तो म्हणाला. "काय सुदीक न्हाई."

कानिफनाथच्या शेजारी वरच्या आळीची एक बंदूक तालीला टेकवलेली होती. त्यानं ती उचलली, क्षणभर हातात धरली. पण कानिफनाथनं ती ताणली नाही. परत होती तशी टेकवून ठेवली.

"सुभेदार, माझं चुकलं," तो म्हणाला आणि वाकून उत्तमरावांच्या पायाला हात लावला. मग मच्छिंद्रकडे न बघता म्हणाला, "बंदुका आता माझ्याकडं ऱ्हातील. मिस्त्री, तेलाचा डबाबी द्या."

मच्छिंद्रनं डबा दिला. गज, चिंध्या आणि चामड्याचा तुकडाही दिला. माघारी जाताना बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "वय झालं की आसंच व्हतं मानसाचं." ते त्यानं ऐकलं. रंगुबाईनंही ऐकलं. ती त्याच्या दोन पावलं मागून चालत घरापर्यंत आली.

दिवस कलला तेव्हा उत्तमराव आले. सदरा बदललेला होता. दसऱ्याची पानं त्यांनी रंगुबाईच्या हातात दिली आणि ओट्यावर बसले. आधी ते मच्छिंद्रच्या शेजारी बसले होते. मग उठले आणि त्याच्या समोर, जोत्याच्या दगडावर बसले.

"किती बंदुका ताणून ठिवल्या हुत्या?" त्यांनी विचारलं.

"एक. तीन नंबर."

"मच्छिंद्रा."

मच्छिंद्रनं मान खाली घातली.

"आप्पाच्या पायापास्नं ना?" उत्तमराव म्हणाले. "त्याच्या पुढच्या सालाला मला मांडीवर लागली. वळ उठला न्हाई तवाच मी वळखलं. म्हनलं, मिस्त्रीनं बरं केलं."

"मंग तुमी 'गेलो' कसं म्हनत हुतासा?"

"आवाजावर. फट् झालं की मेलो. आरं, पाच-सा वर्सं मी आवाजावर मरत आलोय. समदेच मरत्यात. कानिफनं आज दुसरी बंदूक हातावर लावून का न्हाई बघितली? त्याला काय ठावं न्हाई?"

घरात रंगुबाईच्या हातातलं भांडं थांबलं. मच्छिंद्र विजारीवरची न गेलेली चुन्याची भुकटी नखानं खरवडत होता.

"मंग आज?" त्यानं खाली बघूनच विचारलं.

उत्तमरावांनी उत्तर दिलं नाही. त्यानं मान वर केली. ते त्याच्या ओठांकडे बघत होते.

"मंग आज?" त्यानं पुन्हा विचारलं.

"आज ऐकू आलं न्हाई. डावा कान तिकडंच गेल्ता, इटलीत, तोफंपाशी. उजवा आखाडापास्नं गेला. समूर तोंड आसलं तर कळतं थोडं. मागचं काय न्हाई."

"तितंच सांगायचं हुतं. कानिफ गप बसला आसता."

"बहिरा हाय म्हनून?" उत्तमराव हसले. "खोटा म्हनलं तर भांडता तरी येतं. बहिऱ्याशी कोन भांडतंय? त्येच्याम्होरं नुस्ती मुंडी हलवत्यात." त्यांनी काठी जोत्याला टेकवली. "तू मधी पडशील आसं वाटलं नव्हतं. तुझी बंदूक गेली माझ्यापायी."

"गेली."

"कानिफला तेल घालता येतं का?"

"खोबऱ्याचं घालील. वॉशर कडक व्हनार."

"सांगू का त्याला?"

"नगा. त्याचं त्यो शिकंल."

उत्तमराव उठले. काठी घेतली, रंगुबाईला "येतो बरं का" म्हणाले आणि निघाले. त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला होतं. गल्लीतून निघून ते डांबरी रस्त्यावर आले आणि मधूनच चालू लागले, पूर्वीपासून चालायचे तसे, छाती काढून.

त्यांच्या पाठीमागून, नगरच्या बाजूनं एस.टी. येत होती. वळणावर तिनं हॉर्न दिला. ओढ्यावरची पोरं बाजूला झाली, एक म्हैस बाजूला झाली. उत्तमराव झाले नाहीत.

मच्छिंद्र ओट्यावरून उतरला. चपला घातल्या नाहीत. तो पळाला नाही, पण भरभर चालत त्यानं त्यांना गाठलं आणि गाडी जाणार त्या बाजूनं, त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालू लागला. हात धरला नाही. चालता चालता तो कडेला सरकत गेला तसे उत्तमरावही सरकले. गाडी त्याच्या सदऱ्याला वारा घालून पुढं गेली.

तिची पाठ दिसली तेव्हा उत्तमराव थांबले.

"पारनेरची गाडी," ते म्हणाले. "आज येळंवर हाय."

मच्छिंद्र अर्धं पाऊल पुढं झाला, त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "व्हय. येळंवर हाय."